बघून काढलेली आई

माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत वर्गातली एक तक्रार कधी बदलली नाही. "मॅडम, ह्यानं बघून काढलंय!" सेलूच्या शाळेत होते तेव्हा हीच, मानवतच्या शाखेत बदली झाली तेव्हा हीच, आणि आता निवृत्त होऊन परभणीत घरच्या घरी शनिवार-रविवारचा चित्रकलेचा वर्ग घेते तरी हीच. सांगणाऱ्याचा आव असा, की शेजारच्याचा चोरीचा माल त्यानंच पकडून आणलाय. मी त्या चोराला जवळ बोलवायची, चित्र बघायची आणि म्हणायची, "बघून नाही काढणार तर काय डोळे मिटून काढणार?" मग तक्रार करणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

दिवाळी अंकासाठी तुमच्या पेशातलं काही लिहा, असा निरोप आला तेव्हा मला आधी हेच वाक्य आठवलं. चित्रकलेची मास्तरीण म्हणजे फळ्यावर मोर काढणारी, गॅदरिंगला पडदे रंगवणारी आणि गणिताच्या सरांना तास हवा असला की आपला तास देऊन टाकणारी बाई, असा समज आहे. पडदे मी पुष्कळ रंगवले. तास मात्र दिला नाही, आणि त्यावरून दोन मुख्याध्यापकांशी माझं वाजलंही. तो भाग सोडून देते. आज मला बघून काढण्याबद्दलच बोलायचंय.

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जा आणि पोरांना निसर्गचित्र काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खालून वाहणारी नदी आणि काठावर वाकलेलं नारळाचं झाड. आता आमच्याकडे डोंगर बघायचा म्हणजे जिंतूरच्या वाटेला लागावं लागतं. नारळ म्हणाल तर तो आम्ही देवापुढं फुटलेला बघतो, झाडाला लागलेला फारसा नाही. गोदावरीच्या काठच्या गावातून शाळेत येणारी पोरंसुद्धा काठावर नारळच उभा करायची. मी विचारायची, "तुमच्या घाटावर कोणतं झाड आहे रे?" पोरगं विचारात पडायचं. बाभूळ, लिंब, काहीतरी सांगायचं. "मग ते काढ की." त्यावर उत्तर ठरलेलं, "मॅडम, चित्रात ते चांगलं दिसत न्हाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशीची एक गंमत सांगते. आठवीच्या वर्गाला बैलजोडी काढायला दिली होती. सगळ्या वर्गात पांढरेशुभ्र, लांब शिंगांचे बैल. कारण त्या साली खताच्या दुकानानं वाटलेल्या कॅलेंडरवर तसली जोडी होती आणि ते कॅलेंडर घरोघर लागलं होतं. मी अख्खा वर्ग शाळेच्या फाटकाशी नेला. रस्त्यानं बैल धुवायला चालले होते, सगळे आमच्या भागातले लाल कंधारी. पोरं ज्यांच्या पाठीवर खेळली तेच बैल. अर्धा तास नुसतं बघा म्हटलं, पेन्सिली वर्गातच ठेवायला लावल्या होत्या. परत येताना एका शहाण्यानं हळूच विचारलं, "मॅडम, लाल बैल परीक्षेत चालतो का?"

त्या प्रश्नावर मी हसले, पण घरी गेल्यावर वाईट वाटलं. पोरांनी बघूनच काढलं होतं, पण दुसऱ्या कोणी काढलेलं बघून. दारातला बैल त्यांच्या डोळ्यांत कधी शिरलाच नव्हता.

याच्या उलट टोकाचा माणूस मला मानवतला भेटला. कापसाचे मोठे व्यापारी. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. एक दिवस ते तरातरा वर्गात आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरीला फोटो बघून काढायला शिकवायलात म्हणे. बघून तर कोणीबी काढंल. मनानं काढता आलं पाहिजे, त्याला कला म्हणतेत." मी म्हटलं, "अगदी बरोबर. बसा शेठजी." त्यांच्यापुढं कागद ठेवला, पेन्सिल दिली. "मनानं एक कापसाचं बोंड काढून दाखवा." आयुष्य कापसात गेलेला माणूस! त्यांनी झोकात एक दांडी ओढली आणि तिच्यावर ढग बसवला. मी स्थिरचित्रासाठी, म्हणजे समोर वस्तू मांडून काढायच्या चित्रासाठी, कपाटात पऱ्हाटीची एक वाळकी फांदी ठेवत असे. ती काढून त्यांच्या ढगाशेजारी ठेवली. बोंडाचे वेगवेगळे पडलेले कप्पे, खाली तडकलेली कडक टरफलं, त्यांची टोचणारी टोकं. शेठजींनी फांदी फिरवून फिरवून पाहिली. "आयला, हे असं असतंय व्हय!" मोकळ्या मनाचा गृहस्थ. पुढच्या वर्षी धाकटाही माझ्याच वर्गात आला.

तर बाहेरच्यांसाठी आमच्या धंद्यातली गोष्ट सरळ शब्दांत अशी: मनात जे असतं ते बहुतेक वेळा खुणेपुरतं असतं. बोंड म्हणजे पांढरं, बैल म्हणजे शिंगं, आई म्हणजे कुंकू आणि पदर. ओळखायला तेवढं पुरतं, काढायला पुरत नाही. म्हणून समोर काहीतरी घ्यावं लागतं. प्रत्यक्ष वस्तू मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर फोटो. फोटो घेण्यात लाज कसली? फक्त फोटोची उलटतपासणी घेता आली पाहिजे. हा कोणी काढला, कुठं उभं राहून काढला, उजेड कुठून पडला, आणि ह्यानं काय लपवलंय? एका फोटोवर भरवसा ठेवू नये. दोन-चार जमवावेत आणि त्यांचं एकमेकांशी जमतं का ते पाहावं. चेहरा अडला तर फोटो उलटा धरून काढावा. उलटा चेहरा चेहरा वाटत नाही, मग हात आपल्या मनातलं नाक न काढता समोरची रेघ काढतो. चौकटी आखून काढायची पद्धतही आहे. ती मी शिकवते, पण सांगून ठेवते की पाय मोडलेल्यानं कुबडी घ्यावी, बरा झाल्यावर ती कोपऱ्यात ठेवावी.

गिऱ्हाइकंही येतात. शिकवते ती चित्रंही काढत असेल, असा लोकांचा हिशेब. एक पुढारी आजोबांचं तैलचित्र करून घ्यायला आले. आजोबांचा बोटभर फोटो, आणि सोबत मोबाईलमध्ये घोड्यावर बसलेल्या एका रुबाबदार माणसाचा फोटो. "तोंड ह्यांचं, बाकी सगळं ह्याचं." मी विचारलं, "आजोबा घोड्यावर बसायचे का?" "न्हाई हो, सायकलवर. पण बॅनरवर सायकल कशी दिसंल?" मी सायकलवरचे आजोबा काढून द्यायला तयार होते. ते तयार नव्हते. चहा पिऊन गेले.

आता सुजाताबद्दल सांगते. खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले.

सुजाता झरीची. तिशीतली, गावात ब्लाऊज शिवायचं दुकान चालवते, सासर-माहेर दोन्ही झरीतच. एका रविवारी पोरांच्या घोळक्यात ही बाई दारात उभी. मला वाटलं कोणाची तरी आई असेल. म्हणाली, "मॅडम, मोठ्या माणसाला शिकवता का?"

"काय शिकायचंय?"

"माणूस काढायला. एकच माणूस. माझी आई."

तिची आई, कौसाबाई, काही महिन्यांपूर्वी गेली होती. वर्ष होईल तेव्हा घरी पहिला स्मृतिदिन करायचा होता. भंतेजी येणार, पाहुणे येणार, आणि त्या दिवशी भिंतीवर आईचा फोटो लागणार. अडचण एवढीच की लावण्यासारखा फोटोच नव्हता. मी म्हटलं, आधार कार्ड असेलच की. तिनं ते काढून दाखवलं. आता आधार कार्डावर आपल्यापैकी कोणीच आपण नसतो, पण कौसाबाई जरा जास्तच नव्हत्या. भिंतीला पाठ लावून घाबरलेली एक काळी सावली, एवढंच.

"मग माझ्याकडून करून घे," मी म्हटलं. "आहे त्यावरून मी काढते."

तिनं मान हलवली. "न्हाई मॅडम. तुमी तिला बघितलं न्हाई. तुमी लय सुंदर काढताल, पण ती कोणतीबी बाई होईल. मी बघितलंय तिला. मला फक्त हात वळत न्हाई. तेवढा वळवून द्या."

इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी इतकं नेमकं काही मागितलं नव्हतं. मी तिला तिथंच वर्गात बसवलं, सातवीच्या पोरांच्या रांगेत.

तिची घाई का होती ते पुढच्या रविवारी कळलं. तिचा भाऊ प्रकाश, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला, हुशार पोरगा. त्यानं आधार कार्डाचा फोटो मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपमध्ये घातला आणि ॲपनं घटकाभरात आईचा मोठा रंगीत फोटो करून दिला. सुजातानं तो मला दाखवला. गोरी, गुळगुळीत गालांची, जरीच्या साडीतली एक बाई समोर बघून मंद हसत होती. दात एकसारखे. मागं फुलांचा बगीचा. मालिकेतली सासू शोभली असती.

"घरात सगळ्यांना आवडलाय," सुजाता म्हणाली. "प्रकाश तर रडला बघून. म्हणला, आईनं अशी साडी कधी नेसलीच न्हाई, निदान फोटोत तरी नेसू दे. त्याला काय बोलू मी? त्याची बी आईच की." मग म्हणाली, "मॅडम, माझी पोरगी दोन वर्षाची हाय. भावाची त्याच्याहून लहान. त्यांना आजी आठवणार न्हाई. भिंतीवर जी लागंल तीच त्यांची आजी. मग मी मेले तरी ते बदलायचं न्हाई."

तिचं म्हणणं खरं होतं. कुठला चेहरा उरणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो स्मृतिदिनाच्या आत सुटायला हवा होता. प्रकाशनं तिला कबूल केलं होतं की तुझं चित्र झालं तर आणून ठेव, अण्णा म्हणतील ते लावू. अण्णा म्हणजे त्यांचे वडील.

शिकवायला घेतल्यावर मला कळलं की हिला अर्धं येतंच आहे. ब्लाऊज शिवणारीची नजर मापाला पक्की. दोन डोळ्यांमध्ये एक डोळा मावतो हे पोरांना सांगून सांगून मी थकते, हिनं ते टेप न लावता पाहिलं. आणि फोटोबद्दलचं माझं लांबलचक व्याख्यान तर तिनं एका वाक्यात गुंडाळलं. "बाया मोबाईलमध्ये हिरोइनीचा फोटो घेऊन येतेत, मॅडम, असाच ब्लाऊज शिव म्हणतेत. मी फोटो डिझाईनला बघते. माप अंगाचंच घेते." हे वाक्य आता मी सगळ्या वर्गांना ऐकवते, आणि तिचं नाव घेऊन ऐकवते.

मग आम्ही मापं गोळा करायला लागलो. तिच्याकडे आईचा आणखी एक फोटो निघाला, कोणाच्या तरी लग्नातला. मांडवात बायकांची रांग बसली आहे, सगळ्या कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि कौसाबाई मात्र मान डावीकडे वळवून तिरप्या बसल्यात. चेहरा द्राक्षाएवढा. त्यातही पुढच्या माणसाच्या फेट्यानं हनुवटी झाकलेली. घरात हा फोटो बिघडलेला म्हणून कोणी हिशेबात धरला नव्हता. मला तो पाहताक्षणी आवडला. आधार कार्डावरची बाई फोटो काढून घेत होती, ही बाई जिवंत बसली होती.

हनुवटीसाठी सुजाता सेलूला जाऊन गयामावशीचे फोटो घेऊन आली. गयामावशी म्हणजे कौसाबाईंची सख्खी धाकटी बहीण, दोघींचा जबडा एका साच्यातला. पदर कसा घ्यायची, केस कपाळावर कुठून सुरू व्हायचे, हे अण्णांना विचारून आली. मात्र चेहरा ती सारखा सरळ करून काढायची. लग्नातला फोटो समोर ठेवायची आणि आई समोर बघणारी काढायची. मी दरवेळी खोडरबर पुढं करायची.

"मॅडम, भिंतीवरचा फोटो असा तिरपा ऱ्हातो का कुठं? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे. फोटोत जे नाही ते काढू नकोस. आणि मला हे सांग, ही एकटीच वळून का बसलीय? त्या बाजूला कोण होतं?"

सुजाता हसायला लागली. "कोण न्हाई. फोटोवाल्यानं 'इकडं बघा' म्हणून आवाज दिला असंल. आईला डाव्या कानानं ऐकू यायचं न्हाई, लहानपणी कान फुटला होता. कोणी हाक मारली की मान अशी वळवून उजवा कान पुढं करायची. आमी घरातले सगळे तिच्याशी बोलायचं तर उजव्या अंगाला जाऊन बसायचो. मावशी तर आली की जागाच धरायची तिथली." बोलता बोलता तिनं स्वतःची मान वळवून दाखवली, आणि तशीच थांबली.

मग तिनं खोडरबर उचललं आणि सरळ बघणारी आई स्वतःच पुसून टाकली.

त्यानंतरचे काही रविवार ती आली नाही. मोसम लग्नाचा, शिवणाचं काम अंगावर. आली ती गुंडाळी घेऊनच, चेहरा फुललेला. कागद उलगडला आणि मला मनापासून आनंद झाला. वळलेला चेहरा, गालावरून उतरणारी छाया, कपाळावरच्या आठ्या, ऐकण्यासाठी किंचित उघडलेले ओठ. नाक जरा जड झालं होतं. पण रेषेत भीती नव्हती. "शाब्बास," मी म्हटलं, "जमलं की गं तुला! कसं केलंस?"

"दुकानातल्या आरशापुढं बसले, मॅडम. आई वळायची तशी मान वळवली, पदर घेतला, अन् आरशात बघून काढली. हनुवटी मावशीची."

मी छाया बघत होते, रेषा बघत होते, कौतुक करत होते. ती माझ्या शेजारी उभं राहून तेच चित्र बघत होती. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"मॅडम," ती म्हणाली, "हा बहिरा कान हाय."

खरंच की! आरसा डाव्याचं उजवं करतो. ती बरोबर वळली होती, आरशानं तिला फिरवलं होतं. चित्रातली कौसाबाई मोठ्या उत्सुकतेनं आपला न ऐकणारा कान पुढं करून बसली होती. आरशात बघून स्वतःला काढणारे थोर थोर लोक ह्यात फसलेत, हे मी तिला सांगितलं. तिला त्यात काही गोडी वाटली नाही.

मला उपाय माहीत होता. कागद खिडकीच्या काचेला उलटा लावायचा आणि मागून गिरवायचा, की सगळं फिरतं. आम्ही ते करून पाहिलं. कान जागेवर आला आणि आई निघून गेली. माणसाचे दोन गाल कधी सारखे नसतात, ते एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही, फिरवल्यावर येतं. स्मृतिदिन तोंडावर आला होता. माझा हात शिवशिवत होता. लग्नातला फोटो, मावशीचा जबडा, तिचं आधीचं चित्र, सगळं समोर होतं, आणि मी ते चित्र त्या दुपारी बसून पुरं केलं असतं, नाकासकट. मी पेन्सिल उचललीही.

"तुमी नका लावू, मॅडम." आवाज बारीक, पण ठाम.

मी पेन्सिल खाली ठेवली. खोटं कशाला बोलू, थोडा राग आला. शिकवणाऱ्याला आपली गरज संपलेली पहिल्यांदा कळते तेव्हा राग येतोच. शाळेत हजारो पोरं हाताखालून गेली. त्यांतल्या बहुतेकांनी दहावीनंतर पेन्सिल चित्रासाठी धरली नाही, याची खंत मला आजही आहे. आणि इथं एक बाई मला माझ्याच घरात पेन्सिल खाली ठेवायला लावत होती. ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "मॅडम, कोऱ्या कागदावर पुन्हा घेतलीय. आता आरसा न्हाई. पोरीला समोर बसवून तिच्याशी बोलायलेय, अन् आई कशी बघायची ते ध्यानात येईल तेवढंच काढायलेय. लग्नाचा फोटो शेजारी हाय." ग्रेड परीक्षेला आम्ही स्मरणचित्र नावाचा विषय शिकवायचो, आठवून चित्र काढायचा. त्याचा अर्थ मला त्या फोनवर नीट कळला. आधी भरपूर बघून झालेलं असलं, तरच आठवून काढता येतं.

स्मृतिदिनाला मी झरीला गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. टेबलावर सोनेरी फ्रेममध्ये ॲपवाला फोटो, मोठा, हार घातलेला. सुजाताचं चित्र शेजारच्या खुर्चीवर भिंतीला टेकून ठेवलेलं, साध्या काळ्या पट्टीच्या फ्रेममध्ये. मी जवळ जाऊन पाहिलं. नाक अजून जडच होतं. डोळ्यांपैकी एक किंचित वर गेला होता. परीक्षक म्हणून बसले असते तर मार्क कापले असते. लोक येत होते, सोनेरी फ्रेमपुढं हात जोडत होते, "लय छान आलाय फोटो" म्हणत होते. खुर्चीकडे बघून म्हणत होते, "हे सुजीनं काढलंय व्हय? बरं हाय." सुजाता पाणी वाटत होती आणि त्या खुर्चीकडे मुद्दाम बघत नव्हती. अण्णा पलंगावर बसून होते, कोणाशी फारसं बोलत नव्हते.

त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, जेवणाची पानं मांडायला लागले तेव्हा गयामावशी पोचली. सेलूहून येणारी गाडी उशिरा आली होती. मावशी चप्पल काढून आत आली. टेबलावरच्या सोनेरी बाईला तिनं रीतीप्रमाणे हात जोडले, नवख्या घरी जोडतात तसे. मग तिची नजर खुर्चीवर गेली.

मावशीनं हात जोडले नाहीत. ती दोन माणसांना बाजूला सारून खुर्चीला वळसा घालून गेली, चित्रातल्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन जमिनीवर बसली, आणि त्या कानाशी वाकून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "कौसे, आले गं मी! गाडी लेट झाली!"

दोन-तीन पोरं हसली. मग कोणीच हसलं नाही. मावशी स्वतःच दचकली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. सुजाताच्या हातातला तांब्या तसाच राहिला. प्रकाश दारातून बघत होता. तो पुढं आला, बहिणीकडे बघितलं नाही, बापाकडेही नाही. टेबलावरच्या फोटोचा हार काढून त्यानं खुर्चीवरच्या चित्राला घातला, नीट सारखा केला, मग चित्र उचलून भिंतीपाशी गेला. सोनेरी फ्रेमसाठी त्यानं कपाटाला लागून आधीच खिळा ठोकून ठेवला होता. तो तिथं चित्र लावायला लागला तेव्हा अण्णा दिवसभरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"तिथं नको रे. उजव्या अंगाला कपाट यायलंय. माणूस बसंल एवढी जागा सोड."